सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही, मेकॅनिक म्हणतो चारही कॉइल बदला

वाशिष्ठीकाठ
मंडळी जरा मदत हवीये. पेट्रोल गाडी आहे, चार सिलेंडर, २०१४ चं मॉडेल, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) बसते तो प्रकार. पावसामुळे बरेच दिवस पत्र्याच्या शेडखाली उभी होती, काल काढायला गेलो तर सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडतच नाय. बॅटरी दिवाळीला नवीन टाकलीय. जवळच्या गॅरेजवाल्याला बोलावलं, त्याने एक प्लग काढून बॉडीला टेकवला, मला सेल्फ मारायला लावला, ठिणगी नाय. लगेच निकाल, कॉइल गेल्या, चारही बदलाव्या लागतील, एकेक बदलून उपयोग नाय. ओरिजिनलचा भाव ऐकून बायको म्हणाली त्यापेक्षा एसटीने जाऊ.

चार कॉइल एकदम कशा जातील? आणि पैसे घालायच्या आधी घरच्या घरी काय बघता येईल? मल्टिमीटर आहे, पान्यांचा सेट आहे, ब्लूटूथवाला स्कॅनर मेहुण्याकडे आहे. आणि हो, गाडी पाण्यात गेलेली नाय. चिपळूण म्हटलं की २०२१ पासून सगळे आधी तेच विचारतात.

नटबोल्ट
चार कॉइल एकदम जात नाहीत. माझं अख्खं आयुष्य मिरजेत गाड्यांचं वायरिंग करण्यात गेलं, एकदम गेल्या म्हणून आणलेल्या कॉइल बहुतेक वेळा दुसऱ्या गाडीवर लावल्या की चालायच्या. तुझ्या प्रकारच्या गाडीत एक कॉइल गेली तर गाडी तीन सिलेंडरवर थरथरत, मिसिंग मारत का होईना पण चालू होते. चालूच होत नाही म्हणजे चौघींचं जे सामाईक आहे तिकडे बघायचं. किल्ली फिरवल्यावर येणारा करंट, तो देणारा रिले आणि फ्यूज, इंजिनची अर्थ (म्हणजे मायनसची वायर), इंजिन फिरतंय हे कळवणारा क्रँक सेन्सर, नाहीतर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. कॉइल शेवटी.

फटफटी_९९
माझी डिझेल आहे, मी कॉइल कुठे शोधू 😁

नटबोल्ट
तू शोधू नकोस, मिळणार नाही. डिझेलला ठिणगी लागत नाही, तिथे हीटर प्लग बघतात.

ओहायोकर
काकांशी सहमत. मी पोटापाण्यासाठी इंजिनच्या कंट्रोल सिस्टिमवरच काम करतो म्हणून थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या. वाशिष्ठीकाठ, कॉइलला हात लावायच्या आधी गाडीत बसूनच कळणाऱ्या तीन गोष्टी बघा. एक म्हणजे किल्ली ऑन केल्यावर डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र असतं ते थोड्या वेळात विझतं का, की लुकलुकत राहतं, कारण इमोबिलायझरला किल्ली ओळखता आली नाही तर बऱ्याच गाड्यांत सेल्फ व्यवस्थित फिरतो आणि ईसीएम फक्त पेट्रोल किंवा स्पार्क बंद ठेवतो, बाहेरून बघणाऱ्याला ते हुबेहूब कॉइल गेल्यासारखं दिसतं. दुसरं, किल्ली ऑन करून सेल्फ न मारता शांत बसा, मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद गुणगुण आली पाहिजे, तो पेट्रोल पंप. तिसरं आणि सगळ्यात कामाचं, स्कॅनर लावा, लाइव्ह डेटात इंजिन आरपीएम उघडा आणि सेल्फ मारा. फिरताना दीडशे ते तीनशेच्या आसपास आकडा दिसला तर ईसीएमला क्रँक सेन्सरचा सिग्नल पोचतोय. सेल्फ फिरतोय आणि आरपीएम शून्य, तर कॉइल विसरा, क्रँक सेन्सर आणि त्याची वायर बघा. इंजिन फिरतंय हेच ईसीएमला कळलं नाही तर तो स्पार्क देणारच नाही.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर ओढू नका, मध्ये थांबा. सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर लावून ठेवा, साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरीचं बघू.

गोदाकाठची
सेल्फ नेहमीपेक्षा भरभर, मोकळा फिरतोय का तेही ऐका. टायमिंग बेल्ट तुटला की इंजिनात दाब बनत नाही आणि आवाज एकसारखा गुळगुळीत येतो, नेहमीचं घुर्र-घुर्र-घुर्र असं लयीत येत नाही. आमच्या शेजाऱ्यांची गाडी तशी झाली होती आणि पहिला संशय कॉइलवरच गेला होता.

माझ्या जुन्या गाडीत प्रकार वेगळा होता, दोन कॉइलचा एकच डबा आणि त्यातून चार जाड वायरी प्लगला. एक कॉइल १ आणि ४ ला, दुसरी २ आणि ३ ला. त्यात एक गेली की दोन सिलेंडर एकदम बंद. मग चालू होताना नाकी नऊ येतात, झाली तरी बंद पडते. त्यामुळे काका म्हणतात ते खरं असलं तरी कुठल्या पद्धतीची गाडी आहे ते आधी बघायला हवं.

नटबोल्ट
बरोबर बोललीस ताई. म्हणूनच "तुझ्या प्रकारच्या गाडीत" असं लिहिलं.

काळीपिवळी
आणि आमच्या काळात एकच कॉइल आणि तिचा करंट आळीपाळीने प्लगांना वाटणारा एकच डिस्ट्रिब्युटर, कॉइल गेली की गाडी ठप्प. मी गिरगावात पद्मिनी टॅक्सीचं काम करायचो. पावसाळ्यात सकाळी रांग लागायची, काय तर डिस्ट्रिब्युटरची टोपी आतून ओली. उघडायची, कोरड्या फडक्याने पुसायची, टोपीत बारीक काळी रेघ दिसली तर फेकून द्यायची कारण करंट त्या रेघेने पळतो, सीबी पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, गॅप अर्ध्या मिलीमीटरच्या आत ठेवायचा, कंडेन्सर बदलायचा आणि गाडी धंद्याला. कॉइल क्वचितच गेलेली असायची. अजून एक, ज्या गाड्यांना कॉइलचा करंट आवरणारा बॅलास्ट रेझिस्टर असायचा त्यात तो गेला की गाडी सेल्फवर पकडायची आणि किल्ली सोडली की त्याच क्षणी बंद. हे ज्याला माहीत नाही तो दिवसभर कार्बोरेटर उघडून बसायचा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, आता ही विद्या कोणाला सांगणार.

फटफटी_९९
आम्हाला सांगा की. वेगळा धागा काढा, वाचू.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांना धन्स. मेहुण्याकडून स्कॅनर आणला. किल्लीचं चित्र विझतंय. पंपाची गुणगुण ऐकू येतेय. सेल्फ मारताना बॅटरी दहाच्या खाली येत नाय. आरपीएम २१०-२२० दाखवतोय. आवाज नेहमीसारखाच आहे गोदाकाठची ताई, लयीत. दोन प्लग काढून बघितले, दोन्ही ओलेचिंब आणि पेट्रोलचा भपका.

आता गंमत. कोड आलेत पी०३५१, पी०३५२, पी०३५३ आणि पी०३५४, चारही. गॅरेजवाल्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणे बघा, कॉम्प्युटरपण तेच बोलतोय, चारी कॉइल. आता काय बोलू?

ओहायोकर
अहो हे तर उलट चांगलं झालं. पी०३०१ ते पी०३०४ हे मिसिंगचे कोड, अमुक सिलेंडर नीट जळत नाही एवढंच सांगतात, कारण प्लग असेल, इंजेक्टर असेल, कॉम्प्रेशन असेल, काहीही. पी०३५१ ते पी०३५४ हे कॉइलच्या सर्किटचे. सर्किट हा शब्द लक्षात घ्या. ईसीएमला कॉइलच्या आत बघता येत नाही, कॉइलला हुकूम दिल्यावर अपेक्षित विजेची हालचाल झाली नाही एवढंच त्याला कळतं. ती न होण्याचं कारण कॉइल मेली हे असेल, वायर तुटली हे असेल किंवा कॉइलला करंटच पोचला नाही हे असेल. एकच कोड आला असता तर मी त्या एका कॉइलवर किंवा तिच्या कनेक्टरवर संशय घेतला असता. चारही एकाच वेळी आले म्हणजे चौघींना मिळून जाणारी प्लसची वायर, नाहीतर चौघींची मिळून असलेली अर्थ.

प्लग ओले आहेत म्हणजे पेट्रोल येतंय, इंजेक्टर चालतायत. आरपीएम आहे म्हणजे क्रँक सेन्सर ठीक. शोध आता बराच आवळत आलाय.

ठाण्याचा_सीएनजी
मल्टिमीटरने कॉइलचे ओहम मोजून बघितलं तर लगेच निकाल लागेल ना? यूट्यूबवर तर तेच दाखवतात.

ओहायोकर
दोन पिनांची साधी कॉइल असेल तर काही अंशी. तिची प्रायमरी (कमी व्होल्टेजची गुंडाळी) एखाद-दोन ओहमच्या आत आणि सेकंडरी (जास्त व्होल्टेजची) हजारांत, साधारण सहा ते पंधरा हजार. मीटरच्या स्वतःच्या वायरीच अर्धा ओहम खातात, तो आधी दोन्ही टोकं जुळवून वजा करायचा, नाहीतर चांगल्या कॉइलला उगाच फाशी. पण वाशिष्ठीकाठ यांच्या गाडीतल्या कॉइलला तीन किंवा चार पिना असणार, म्हणजे आत ट्रान्झिस्टरचं सर्किट बसवलेलं असतं, तिथे ओहम मोजून हाती काही लागत नाही, वाट्टेल तो आकडा येतो. शिवाय मीटर तपासतो ते नऊ व्होल्टच्या बॅटरीवर आणि कॉइलला काढायचे असतात वीस-तीस हजार व्होल्ट. इन्सुलेशनला बारीक तडा असेल तर तो एवढ्या व्होल्टेजलाच फुटतो, मीटरवर तीच कॉइल ठणठणीत दिसते. काही तर गार असताना चालतात आणि गरम झाल्या की आतली तार सुटते.

नटबोल्ट
मीटर ठेव बाजूला आणि इंडिकेटरचा एक बल्ब घे, २१ वॅटचा. होल्डरला दोन वायरी जोड. हा वायरमनचा खरा मीटर.

आधी तो बल्ब थेट बॅटरीवर लावून उजेड नीट बघून ठेव. मग एका कॉइलचं कनेक्टर काढ, किल्ली ऑन कर, प्लसच्या पिनेला बल्बची एक वायर, दुसरी बॅटरीच्या मायनसला. बॅटरीवर जेवढा उजेड होता तेवढाच पडला पाहिजे. मग उलट, एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी कॉइलच्या अर्थच्या पिनेत. तिथेही तेवढाच. पिनेत जाड काही खुपसू नको, पिन फाकते आणि मग नवीनच दुखणं लागतं, टाचणी वापर. कुठली पिन कशाची ते माहीत नसेल तर मीटरने आधी शोध. आणि सिग्नलच्या पिनेला बल्ब लावायचा नाही, हे मोठ्या अक्षरात समज. ती थेट ईसीएममधून येते.

गोदाकाठची
काका मीटर बारा व्होल्ट दाखवत असेल तर बल्ब कशाला लागतो?

नटबोल्ट
नळ बंद असताना पाइपात दाब पूर्ण असतो, पाइप आतून गंजलेला आहे हे नळ उघडल्यावर कळतं. मीटर करंट ओढतच नाही, एक केसाएवढा तांब्याचा धागा शिल्लक असला तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. कॉइल भरताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. मीटरवर विश्वासून मी पोरांना ईसीएम बदलताना बघितलंय.

वाशिष्ठीकाठ
केलं. मीटरवर ११.९ आला. बल्ब लावला तर आतली तार फक्त लालसर झाली, उजेड असा पडलाच नाय! चारही कनेक्टरवर तेच. अर्थच्या बाजूने मात्र लख्ख पेटला. मी शेडमध्ये एकटाच ओरडलो.

ओहायोकर
वा! म्हणजे प्लसच्या वाटेत कुठेतरी गळा आवळलाय.

नटबोल्ट
आता उलटं चालत जा. बोनेटमधल्या फ्यूज बॉक्समध्ये कॉइलचा फ्यूज कुठला ते झाकणावर असेल. फ्यूजच्या डोक्यावर बारीक उघडी टोकं असतात, तिथे बल्ब लाव, दोन्ही बाजूंना. तिथे पूर्ण पेटला तर बॅटरी, रिले, फ्यूज सगळं ठीक, बिघाड फ्यूज ते कॉइल यामध्ये. तिथेच मंद असेल तर रिले काढ, त्याच्या पिना आणि खालचे खोबणे बघ, कोकणात हिरवा गंज चढतो. फ्यूजला पूर्ण उजेड आला तर मग वायरींची पट्टी जिथे इंजिनच्या मागून, गिअरबॉक्सच्या वरून जाते तिथे टॉर्च मारून बघ. अंधारी, उबदार, कोरडी जागा. पावसाळ्यात तिथे कोण राहायला येतं ते तुला सांगायला नको.

फटफटी_९९
गणपतीचं वाहन 🙏

ठाण्याचा_सीएनजी
ठिणगी बघायची ती पद्धत बरोबर आहे का पण? गॅरेजवाल्याने प्लग हातात धरून बॉडीला टेकवला म्हणता.

नटबोल्ट
नाही. हात लावायचाच नाही. प्लग कॉइलमध्ये बसवून तो इंजिनच्या धातूला वायरने किंवा जंप केबलच्या चिमट्याने पक्का बांधायचा, रंग असलेल्या जागी नाही, उघड्या धातूला. प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि तू ठिणगी पाडतोयस. आधी इंजेक्टरची कनेक्टर काढून ठेव. कॉइल हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारला तर करंटला जायला वाट राहत नाही, तो कॉइलचं इन्सुलेशन फोडून बाहेर पडतो, म्हणजे तपासता तपासता चांगली कॉइल मारली.

ओहायोकर
आणि बाहेर ठिणगी दिसली तरी आत पडेलच असं नाही. सिलेंडरमध्ये हवा दाबलेली असते, त्या दाबात तेवढ्याच गॅपमधून उडी मारायला बरंच जास्त व्होल्टेज लागतं. निळी, चटचट आवाजाची ठिणगी आली तर ठीक, पिवळसर बारीक आली तर संशय ठेवा. उलट ठिणगी नसेल तर मात्र त्यातून कॉइलच दोषी हे सिद्ध होत नाही, तुमच्या गॅरेजवाल्याने ती उडी मारली.

वाशिष्ठीकाठ
सापडलं!!!

फ्यूजला बल्ब पूर्ण पेटला. मग एअर फिल्टरचा डबा काढला आणि मागे हात घातला तर हाताला सुकं गवत आणि नारळाची सोडणं लागली, चक्क घरटं. वायरींवरचा काळा नालीदार पाइप एका जागी वीतभर कुरतडलेला. टेप सोडवली तर आतल्या बाकीच्या वायरींना दातांच्या खुणा होत्या पण इन्सुलेशन शाबूत, एका वायरीचं मात्र बोटभर इन्सुलेशन गायब, तांबं काळंहिरवं पडून भुसा झालेलं आणि दोनच धागे लटकत होते. तीच वायर पुढे जाऊन चार कॉइलला फाटे फुटतात. म्हणजे काका, तुम्ही केसाएवढा धागा म्हणालात ते अगदी शब्दशः निघालं.

पण आता जोडू कशी? पीळ देऊन टेप मारली तर चालेल का तात्पुरती?

नटबोल्ट
तात्पुरती म्हणून मारलेली टेपच वर्षानुवर्षं राहते. तसं नको. बॅटरीचा मायनस काढ. ती वायर दोन्ही बाजूंनी मागे कापत जा, आत चकचकीत लाल तांबं दिसेपर्यंत, कारण हिरवा गंज इन्सुलेशनच्या आतून पुढे सरकतो, बाहेरून दिसत नाही. मध्ये त्याच जाडीच्या वायरचा तुकडा घाल, बारीक घालू नको. जोडाला स्लीव्ह दाबून घे नाहीतर कथील लाव आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढव, गरम केली की गोंद ओघळून पाणी अडवतो. नळी आधी वायरीत ओवायची, जोड झाल्यावर आठवण होते सगळ्यांना. मग नवीन नालीदार पाइप आणि क्लिप, इंजिनला घासणार नाही असं बांध.

ओहायोकर
प्लग ओले आहेत ते काढून पुसून वाळवा. भोकं उघडी ठेवून थोडा वेळ सेल्फ मारला की आतलं जास्तीचं पेट्रोल बाहेर पडतं, तेव्हा इंजेक्टर आणि कॉइल दोन्हीची कनेक्टर काढलेली असू द्या आणि जवळ बिडी ओढणारं कोणी नको. तरी पकडली नाही तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत असं केल्यावर ईसीएम पेट्रोल बंद करतो आणि नुसती हवा आत जाते.

वाशिष्ठीकाठ
झाली चालू! पहिल्यांदा जरा खोकली, सायलेन्सरमधून पांढरा धूर आला, मग एकदम स्थिर. कोड पुसले, गुहागर बायपासपर्यंत फिरवून आणली, एकही परत आला नाय. खर्च म्हणजे वायर, नळी आणि पाइप. गॅरेजवाल्याला जाऊन वायरीचा तुकडा दाखवला, तो म्हणाला "उंदीर काय, कुठेही घुसतो", आणि चहा पाजला. माणूस वाईट नाय.

गोदाकाठची
अभिनंदन! आता उंदरांचं काहीतरी करा. आमच्याकडे बोनेटमध्ये तंबाखूची पुरचुंडी बांधतात, कोणी डांबराच्या गोळ्या ठेवतात. पुरचुंडी मऊ पडली की उंदीर तिच्यावरच येऊन बसतात असा माझा अनुभव आहे.

ओहायोकर
इकडेही थंडीत उंदीर वायरी खातात आणि वायरीच्या इन्सुलेशनमध्ये सोयाबीनपासूनचा माल वापरतात म्हणून ते खातात यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्यात. मला विचाराल तर उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं, मग चव कशीही असो. गाडी दोन-तीन दिवसांनी चालू करून फिरवणं आणि उभी असताना रात्री बोनेट उघडं ठेवणं, उजेड आणि वारा त्यांना आवडत नाही.

नटबोल्ट
बारीक लोखंडी जाळी. फिल्टरच्या डब्याखालची मोकळी जागा आणि खालचं फाटकं प्लास्टिक बंद कर. बाकी सगळे नवस.

ठाण्याचा_सीएनजी
धागा चालूच आहे तर माझंही विचारतो. गाडी पेट्रोलवर एकदम मस्त, सीएनजीवर टाकली की घोडबंदरच्या चढाला मिसिंग मारते. चेक लाइट कधी कधी लुकलुकते. किटवाला म्हणतो ट्यूनिंग करू, दुसरा म्हणतो कॉइल. आता?

ओहायोकर
चेक लाइट लुकलुकत असेल तर तसं चालवू नका. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेतल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून वितळतो, त्याच्या किमतीत कॉइलचा अख्खा सेट येऊन वर पैसे उरतात. आता मूळ प्रश्न. सीएनजीला ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं आणि चढावर, म्हणजे सिलेंडरमध्ये दाब जास्त असताना, अजून जास्त. त्यामुळे थोडी म्हातारी झालेली कॉइल किंवा झिजून गॅप वाढलेला प्लग पेट्रोलवर पास होतो आणि सीएनजीवर नापास. आधी प्लग काढून गॅप मोजा. सीएनजीला बहुतेक लोक ०.७ ते ०.८ मिलीमीटर ठेवतात, तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिला असेल तर तोच धरा. मग कॉइलची रबरी टोपी उजेडात फिरवून बघा, आत किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक उभी राखाडी रेघ दिसली तर करंट प्लगच्या टोकाला न जाता बाहेरून बॉडीत पळतोय. काळीपिवळी साहेबांनी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीबद्दल सांगितलं तेच हे.

काळीपिवळी
बघा, विद्या फुकट गेली नाही.

नटबोल्ट
स्कॅनरमध्ये कुठलं सिलेंडर मिसिंग दाखवतंय ते बघ. समजा दोन नंबर. दोनची कॉइल चारवर टाक, चारची दोनवर. प्लग हलवू नको, एका वेळी एकच वस्तू. परत चढाला ने. कोड चारवर गेला तर कॉइल खराब, दोनवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर नाहीतर वॉल्व्ह. फुकटातलं काम आहे. आणि पेट्रोलची टाकी रिकामी ठेवून फिरतोस का?

ठाण्याचा_सीएनजी
काटा लालवरच असतो काका, सीएनजी असताना पेट्रोल कशाला भरायचं 😅

नटबोल्ट
टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो म्हणून गार राहतो. सीएनजीवाल्या बहुतेक गाड्या सकाळी चालू पेट्रोलवरच होतात. कोरडा पंप जळला की एक दिवस सेल्फ फिरेल पण गाडी चालू होणार नाही, आणि तूही इथे येऊन विचारशील चारही कॉइल गेल्या का. टाकीत पाव तरी ठेव.

ठाण्याचा_सीएनजी
बरं. अदलाबदल केली, तीन नंबर दाखवत होता, कॉइल एकवर टाकली तर कोड एकवर गेला. म्हणजे कॉइलच. टोपीत रेघपण आहे. आता एकच बदलू की चारही? ओरिजिनल की बाजारातली? फरक तिपटीचा आहे.

गोदाकाठची
मी ऑनलाइन स्वस्तातली घेतली होती, डब्यावर नाव मोठ्या कंपनीचं, आत माल भलताच. पावसाळा संपायच्या आत परत मिसिंग. शोरूमच्या काउंटरवरून बिल घेऊन घ्या.

ओहायोकर
जी मेली ती एक बदला, प्लग मात्र चारही नवीन टाका, कारण झिजलेला प्लगच कॉइलला जास्त राबवून मारतो. नुसती टोपी वेगळी मिळत असेल आणि कॉइलच्या अंगावर रेघ नसेल तर टोपी आणि प्लग बदलूनही बघता येईल. प्लगच्या विहिरीत तेल साचलंय का तेही बघा, वरच्या कव्हरचं गॅस्केट गळत असेल तर तेलाने रबर फुगतं आणि नवी टोपीही तशीच जाईल.

ठाण्याचा_सीएनजी
विहिरीत तेल नाय, कोरडी आहे. उद्या काउंटरवरून एक कॉइल आणि चार प्लग आणतो. स्वतः बसवू शकतो ना?

नटबोल्ट
बसव की. इंजिन गार असताना प्लग काढ, गरम असताना काढलास तर अल्युमिनिअमचे आटे सोबत येतात. नवीन प्लग आधी हाताने, लांब सॉकेटने पूर्ण बसेपर्यंत फिरव, मग पाना. टॉर्क पाना असेल तर पुस्तकातला आकडा. कॉइलचा १० नंबरचा बोल्ट प्लास्टिकच्या कानातून जातो, तो नुसता टेकेपर्यंत आवळ, जोर लावलास तर कान तुटतो आणि मग कॉइल थरथरत राहते. टोपीत आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचं बोट फिरव, स्प्रिंगला नाही, फक्त रबराला.